पॅसिफिक बेटांवरची कोंबडीची हाडं

कोंबडी काही समुद्र ओलांडून जात नाही, कुंपणावर चढली तरी खूप झालं. त्यामुळे पॅसिफिकमधल्या एखाद्या आडबाजूच्या बेटावर जुन्या थरात तिचं हाड सापडलं की ती कोणाच्या तरी होडीत बसून आलीये हे नक्की, आणि संशोधक लोक या उष्ट्या हाडांमागे लागतात ते म्हणूनच. मूळ पक्षी आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा (आपल्या सह्याद्रीतला करडा, तो वेगळा), तो माणसाळला आणि साधारण ३००० वर्षांपूर्वी लापिता लोकांबरोबर (पॉलिनेशियन बेटांवरच्या लोकांचे दर्यावर्दी पूर्वज) व्हानुआटू, टोंगाकडे पोचला. पुढे ईस्टर बेटावर तर डुक्कर नाही, कुत्रा नाही, फक्त कोंबडी आणि उंदीर, म्हणून तिथे कोंबड्यांसाठी चक्क दगडी खुराडी बांधलेली दिसतात, नाव हारे मोआ. मोआ म्हणजे कोंबडी. न्यूझीलंडला मात्र बहुतेक कोंबडी पोचलीच नाही, तिथे माओरींनी हे नाव तिथल्या अवाढव्य पक्ष्याला देऊन टाकलं!

हाड ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. पातळ, पोकळ, त्यात कुत्र्याडुकरांनी चघळलेलं, बारीक चाळणी नसेल तर मातीबरोबर गेलंच. काही बेटांवर मेगापोड नावाचा कोंबडीचा भाऊबंद असतो, त्याच्या तुकड्यांशी घोळ होतो, कोंबड्याच्या पायामागचा काटा शाबूत असला तर बरं. आणि खेकडे बिळं करून वरचं खाली नेतात ते वेगळंच.

खरा वाद पेटला २००७ मध्ये. चिलीतल्या एल अरेनाल इथल्या एका हाडाची तारीख निघाली इ.स. १३०४ ते १४२४, म्हणजे कोलंबसच्या आधीची, आणि डीएनए टोंगा-सामोआच्या जुन्या हाडांशी जुळला, म्हणजे पॉलिनेशियन लोक कोंबडी घेऊन युरोपियनांच्या आधीच दक्षिण अमेरिकेत पोचले असा दावा. पुढच्याच वर्षी आक्षेप आला की हा डीएनए जगभरच्या कोंबड्यांत कॉमन आहे आणि कोंबडीने समुद्रातलं काही खाल्लं असेल तर कार्बन डेटिंगमध्ये हाड उगाच जुनं दिसतं. त्यावर मूळ टीमने अजून दोन हाडांच्या तारखा काढून दाखवल्या, त्याही कोलंबसच्या आधीच्याच. मग २०१४ मध्ये दुसऱ्या टीमने म्हटलं की जुन्या पॉलिनेशियन कोंबड्यांचा खरा डीएनए ‘डी’ गटाचा, त्याचा माग फिलिपाइन्सकडे जातो, आणि तो कॉमन ‘ई’ गट बहुधा लॅबमधल्या आजच्या कोंबडीच्या भेसळीतून आलेला. तारखांचं सोडा, पण डीएनएवरून चिलीची कोंबडी पॉलिनेशियन ठरवणं मला तरी आता अवघड वाटतं.