पॅसेंजर रेल्वेसेवा (सोलापूर परिसर)

पॅसेंजर रेल्वेसेवा (सोलापूर परिसर) : सोलापूर जिल्हा आणि त्याच्या आसपासच्या धाराशिव, लातूर, कलबुर्गी व विजयपूर या भागांतल्या गावांना एकमेकांशी जोडणारी, बहुतेक स्थानकांवर थांबणारी, कमी भाड्याची रेल्वेवाहतूक. सिद्धेश्वर, हुतात्मा किंवा फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत या वेगवान गाड्या याच रुळांवरून धावतात. पण मोहोळ, माढा, केम, जेऊर, होटगी, दुधनी इथल्या माणसाला कोर्ट, दवाखाना, कॉलेज किंवा बाजारासाठी उपयोगी पडते ती पॅसेंजर. या सेवेचा स्वतंत्र मालक आज कोणी नाही आणि तिचा वेगळा हिशोबही लोकांपुढे येत नाही. तिच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) कंपनीचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेला जाऊन मिळाला. कंपनी खाजगी होती, पण तिच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. तूट आली तर ती तिजोरीतून भरली जाई. मार्ग आखला गेला तो मुंबई-मद्रास जोडण्यासाठी. त्यामुळे बार्शी, पंढरपूर, करमाळा ही मोठी गावे बाजूला पडली आणि अक्कलकोटच्या वाट्याला गावापासून लांबचे ‘अक्कलकोट रोड’ स्थानक आले. सरकारने १९०० मध्ये जीआयपी विकत घेतली. कारभार मात्र १९२५ पर्यंत कंपनीच पाहत होती.

बाजूला पडलेल्या गावांची ही उणीव बार्शी लाइट रेल्वेने भरून काढली, आणि प्रादेशिक रेल्वे कशी बांधावी याचा तो अजूनही अभ्यासण्याजोगा नमुना आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनियरने लंडनमध्ये कंपनी उभारली आणि बार्शी रोड (आताची कुर्डुवाडी) ते बार्शी हा रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेला मार्ग १८९७ मध्ये सुरू केला. इंजिन असो वा वॅगन, कुठल्याही आसावर (दोन चाके जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र. भार सर्व चाकांवर सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ चालतात. पूल व भराव यांचा खर्चही आटोक्यात राहतो. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचला. एकूण लांबी सुमारे ३२५ किमी झाली. कापूस, धान्य आणि वारकरी यांवर ही गाडी चालली. कंपनीचे उत्पन्न याच टापूतून येत असल्यामुळे याच टापूची गरज भागवणे तिला भाग होते. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला आणि नव्या आखणीत धाराशिव शहरालाही स्थानक मिळाले.

मध्य रेल्वे १९५१ मध्ये स्थापन झाली. सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ या काळात दक्षिण मध्य रेल्वेकडे होता, मग परत मध्य रेल्वेत आला. रेल्वे हा राज्यघटनेच्या केंद्रसूचीतला विषय असल्याने रूळ, डबे, वेळापत्रक आणि भाडे या सगळ्यांचा अधिकार केंद्राकडे आहे.

खर्चाचा प्रश्न वरवर सोपा दिसतो. प्रवासी वाहतुकीचा जेमतेम ५७ टक्के खर्च वसूल होतो, असे रेल्वे तिकिटावरच छापत आली. २०२२-२३ मधील प्रवासी सवलतीचा आकडा रेल्वेमंत्र्यांनी ५६,९९३ कोटी रुपये सांगितला : १०० रुपयांच्या सेवेला प्रवासी ५४ रुपये देतो, असा त्याचा अर्थ. ही तूट मालवाहतुकीच्या भाड्यातून भरली जाते. होटगीजवळच्या १,३२० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राला येणारा कोळसा आणि वाडी-शाहाबादकडचे सिमेंट पॅसेंजरचा भार उचलतात, असे म्हणायला हरकत नाही. पण ५७ काय किंवा ५४ काय, हे आकडे देशभराची सरासरी सांगतात. कुर्डुवाडीच्या गाडीबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. रूळ, सिग्नल, स्थानके, कर्मचाऱ्यांचे पगार व निवृत्तिवेतन हा बराचसा खर्च सामाईक असतो. उद्या एक पॅसेंजर बंद केली, तर वीज, चालक-गार्ड आणि डब्यांची देखभाल एवढेच वाचेल; रूळ मालगाडीसाठी राहणारच. त्यामुळे ‘गाडी तोट्यात आहे’ हे विधान सामाईक खर्चाची वाटणी कशी केली यावर बरेच अवलंबून असते. गाडी बंद करण्याआधी ती वाटणी जनतेपुढे मांडली गेली पाहिजे.

भाड्याचा फटका किती थेट बसतो ते करोनाकाळात दिसले. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या आणि परतल्या तेव्हा अनेक पॅसेंजर ‘एक्सप्रेस विशेष’ झाल्या होत्या. किमान भाडे १० वरून ३० रुपयांवर गेले. ते पुन्हा १० रुपयांवर आले फेब्रुवारी २०२४ मध्ये. दोन स्थानकांपुरता प्रवास करणाऱ्या शेतमजुराला हा फरक किती जड गेला असेल, हे सांगायला नको. रोज ये-जा करणाऱ्यांना मासिक पासाचा आधार असतो, पण पास १५० किमीपर्यंतच मिळतो. कुर्डुवाडी-सोलापूर त्यात बसते, पुणे-सोलापूर बसत नाही.

गाड्यांचे नियंत्रण सोलापूरच्या कंट्रोल ऑफिसातून होते. मागून सुपरफास्ट येत असली की पॅसेंजर लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबवून ठेवतात. दौंड-सोलापूर-वाडी मार्गाचे दुहेरीकरण झाल्यावर समोरच्या गाडीचे क्रॉसिंग संपले, मागच्या गाडीला वाट देणे मात्र संपलेले नाही. मेमूला (वेगळे इंजिन न लागणाऱ्या विजेवरच्या गाडीला) दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, इंजिन फिरवावे लागत नाही आणि ती लवकर वेग घेते. पावलोपावली थांबणाऱ्या सेवेला हीच गाडी योग्य. लहान हॉल्टवर तिकिटे कमिशनवर नेमलेला एजंट विकतो. थांबे वाढवण्याची मागणी खासदारांमार्फत किंवा प्रवासी सल्लागार समितीत मांडली जाते, पण समितीचा अधिकार सल्ल्यापुरताच आहे.

जर्मनीने १९९६ मध्ये प्रादेशिक गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे दिली आणि त्यासाठी केंद्राने निधी बांधून दिला. कोणती गाडी किती वेळा हवी हे तिथे राज्य ठरवते आणि कंत्राटाने चालवून घेते. महाराष्ट्रात राज्याचा सहभाग मुख्यतः बांधकामात आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किमीच्या नव्या मार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि त्याचा निम्मा खर्च उचलण्याचे राज्याने मान्य केले. निम्मा पैसा देणाऱ्या राज्याला त्या मार्गावर सकाळच्या कॉलेजच्या वेळेला गाडी असावी की नाही, हे ठरवण्याचा हक्क सध्याच्या व्यवस्थेत मिळत नाही. तो हक्क देणारा करार मार्ग सुरू होण्याआधी व्हायला हवा.