गोल्फ हे ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’चं लघुरूप आहे का?

गोल्फ हा शब्द ‘जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ यातल्या आद्याक्षरांचा बनलाय, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही.

हा शब्द 1457 च्या स्कॉटलंडच्या कायद्यात सापडतो. लोकांनी तिरंदाजीचा सराव सोडू नये म्हणून तेव्हा फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली होती, आणि ती सगळ्यांवरच होती. आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची पद्धत त्या काळी रूढच नव्हती. शिवाय जुन्या कागदांत हा शब्द गॉफ, गूफ असाही लिहिलेला दिसतो. लघुरूपाची अक्षरं अशी बदलत नाहीत. कुठलाही व्युत्पत्ती देणारा इंग्रजी शब्दकोश उघडून पाहा. काठी या अर्थाच्या जुन्या डच शब्दाशी नातं असावं, असं तिथे मिळेल.

बायका तर खेळतच होत्या. स्कॉटलंडमधल्या मसलबरोच्या कोळणींसाठी 1811 च्या नववर्षदिनी स्पर्धा ठरली होती. बक्षीस काय, तर माशांची नवी टोपली आणि रेशमी रुमाल! मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण या दिवसभर राबणाऱ्या बायका होत्या. 1867 मध्ये सेंट अँड्र्यूजला महिलांचा क्लब निघाला, 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांचं गोल्फ होतं. ऑलिंपिकचे जुने निकाल कुणालाही तपासता येतात.

मेसेजवर विश्वास बसतो, त्यालाही कारण आहे. अनेक क्लबांनी विसाव्या शतकात, काहींनी तर एकविसाव्या शतकातही, महिलांना सभासदत्व नाकारलं. तो अन्याय खराच होता, पण तो क्लबांच्या नियमांत होता, खेळाच्या नावात नव्हता.