फॉल्स सीलिंग आणि साउंडप्रूफ सीलिंग: दोन्ही एक नव्हेत हो!

ठाण्यात घोडबंदर रोडवर नवीन फ्लॅट घेतलेल्याला कोणीतरी सांगतंच, "वरच्यांचा आवाज येतो? फॉल्स सीलिंग करून टाका, थांबेल." नाही थांबत.

फॉल्स सीलिंग सगळ्यांना ठाऊक आहे: जीआयचा (जस्त चढवलेल्या पत्र्याचा) सांगाडा, जिप्सम बोर्ड, कोव्ह लाइट आणि त्या खाचेत साचणारी धूळ. साउंडप्रूफ सीलिंग खालून अगदी तसंच दिसतं, म्हणूनच घोळ होतो. फरक आहे तो टांगण्यात.

वरच्यांच्या गप्पा सहसा ऐकू येत नाहीत, कारण पाच-सहा इंची स्लॅब हवेतला आवाज बऱ्यापैकी अडवतो. ऐकू येतो खलबत्ता, ओढलेली खुर्ची, नातवाची गोटी. हा मार थेट स्लॅबला बसतो, स्लॅब थरथरतो आणि त्याची खालची अख्खी बाजू स्पीकरच्या पडद्यासारखी वाजते. त्याच स्लॅबला अँकर ठोकून पत्र्याच्या पट्ट्यांनी बोर्ड टांगला, की थरथर पट्टीतून बोर्डात उतरते. वर पोकळी रिकामी, म्हणजे ढोलच. माझ्या बेडरूममध्ये आधी असंच केलं होतं. सकाळी सातला कुटली जाणारी वेलची पूर्वी 'टक टक' यायची, ती 'डुग डुग' यायला लागली!

म्हणून साउंडप्रूफ कामात सांगाडा रबराच्या किंवा स्प्रिंगच्या हँगरवर टांगतात. पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), खाली 12.5 मिमीचे दोन बोर्ड, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्याखाली येऊ न देता. भिंतीलगत चारही बाजूंनी बारीक फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरायची. मिस्त्री नेमकी हीच फट पीओपीने बुजवतो. त्या दिवशी सुट्टी घ्या आणि समोर उभे राहा. डाउनलाइटची भोकं नकोत. पंख्याचा रॉड बोर्डाला टेकू देऊ नका. थर्माकोल नको. अंड्याच्या ट्रेसारखा फोम तर मुळीच नको, तो तुमच्याच खोलीतला घुमारा कमी करतो, बस.

इतकं करून उंची पाच-सहा इंच जाते. शिवाय मिवानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या) इमारतीत भिंतीही स्लॅबबरोबर एकसंध ओतलेल्या काँक्रीटच्या, त्यामुळे थोडा आवाज भिंतींतून उतरतोच. म्हणून माझ्या मते पहिला उपाय वरच्या मजल्यावरचा: खलबत्त्याखाली जाड रबरी मॅट, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या. मार स्लॅबला लागण्याआधीच मऊ होतो.

आम्ही दिवाळीत फराळाच्या डब्याबरोबर मॅट वर पाठवली. डबा चिवड्याने भरून परत आला, मॅट वरच राहिली.