व्हिडिओ पोकर स्पर्धेतील डावपेच

व्हिडिओ पोकर स्पर्धा म्हणजे पोकरच्या यंत्रावर ठरावीक वेळेत किंवा ठरावीक डावांत सर्वाधिक गुण मिळवण्याची चढाओढ. इथे समोरासमोर कोणी बसत नाही, कोणाची थाप ओळखायची नसते. प्रत्येक जण आपापल्या यंत्रावर खेळतो आणि शेवटी गुणांप्रमाणे क्रमांक लागतात. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातले कॅसिनो, त्यातही लास व्हेगासचे, अशा स्पर्धांसाठी ओळखले जातात. रोजच्या खेळात दर डावामागे सरासरी किती परत येते एवढेच पाहायचे असते. स्पर्धेत मात्र बक्षीस क्रमांकाला असते. साधारण कमाई करून पन्नासावा आलेला आणि सपशेल हरून शेवटचा आलेला दोघेही रिकाम्या हाताने परततात. त्यामुळे जाणत्या खेळाडूला पाठ असलेले काही नियम स्पर्धेत मोडावे लागतात.

यंत्र आणि बक्षिसांचा तक्ता

यंत्र ५२ पानांच्या जोडातून पाच पाने वाटते. खेळाडू त्यातली हवी तेवढी पाने ‘होल्ड’ करतो, म्हणजे राखून ठेवतो, उरलेली एकदाच बदलून मिळतात आणि अंतिम पाच पानांवर बक्षीस ठरते. सर्वांत परिचित प्रकार ‘जॅक्स ऑर बेटर’. यात गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी लागली की लावलेले पैसे परत मिळतात. पाच नाणी लावली असता चांगल्या तक्त्यात मिळणारे गुण असे: दोन जोड्यांना १०, तीन सारख्या पानांना १५, स्ट्रेटला (ओळीने येणारी पाच पाने) २०, फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पाने) ३०, फुल हाउसला (तीन सारखी पाने आणि एक जोडी) ४५, चार सारख्या पानांना १२५, स्ट्रेट फ्लशला (एकाच चिन्हाची ओळीने पाच पाने) २५० आणि रॉयल फ्लशला (एकाच चिन्हाची दश्शीपासून एक्क्यापर्यंतची पाने) ४,०००. फुल हाउसला नाण्यामागे ९ आणि फ्लशला ६ मिळतात म्हणून या तक्त्याला ‘नाइन-सिक्स’ म्हणतात. बिनचूक खेळल्यास त्याचा परतावा ९९.५४ टक्के येतो. तेच आकडे ८ आणि ५ केले की परतावा ९७.३० टक्क्यांवर घसरतो. खुर्चीत बसल्यावर पहिली नजर तक्त्यावर टाकावी ती यासाठीच. स्पर्धेच्या यंत्रावरचा तक्ता शेजारच्या नेहमीच्या यंत्रासारखाच असेल असे गृहीत धरू नये.

या यंत्रांचा पूर्वज ब्रुकलिनमध्ये सापडतो. तिथल्या सिटमन आणि पिट यांनी १८९१ मध्ये पाच फिरत्या नळकांड्यांवर पाने चिकटवलेले पोकर यंत्र बाजारात आणले. त्यात बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम ठेवलेला नसे, आणि जिंकणाऱ्याला पैशांऐवजी बिअर किंवा सिगार मिळे. पडद्यावरचा खेळ लोकप्रिय झाला तो १९७९ नंतर, साय रेड यांच्या कंपनीच्या ‘ड्रॉ पोकर’ यंत्रामुळे. हीच कंपनी पुढे इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी झाली. पत्त्यांचा खेळ दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या जोडातल्याइतकीच असली पाहिजे, असा नेवाडाचा नियम आहे. या नोंदीतली सगळी आकडेमोड त्या नियमाच्या आधारावरच उभी आहे.

आधी स्पर्धेचा प्रकार पाहावा

वेळेच्या स्पर्धेत घड्याळ सुरू होते, पाहिजे तितके डाव खेळता येतात आणि बहुतेक ठिकाणी फक्त जिंकलेले गुण मोजतात. लावलेली नाणी आयोजकांची असतात, ती वजा होत नाहीत. डावांच्या स्पर्धेत सर्वांना सारखेच डाव मिळतात. या दोन प्रकारांत खेळायची रीत जवळजवळ उलटी आहे.

वेळेच्या स्पर्धेत वेग हेच भांडवल. रॉयल फ्लश बाजूला ठेवला तरी नीट खेळलेला प्रत्येक डाव सरासरी ४.९ गुण देतो. तासाला ८०० डाव खेळणाऱ्याचे १५ मिनिटांत २०० डाव होतात, तर ४०० च्या गतीने खेळणाऱ्याचे १००. सावकाश खेळणारा अशा रीतीने सुमारे ४९० गुणांनी मागे पडतो. ही तूट भरायला त्याला चार सारखी पाने शेजाऱ्यापेक्षा जवळजवळ चार वेळा जास्त लागावी लागतील, आणि असा हात तर सरासरी ४२३ डावांत एकदा येतो.

म्हणून वेळेच्या स्पर्धेत नियम मुद्दाम कमी करावेत. दोन पर्यायांतला फरक पाव गुणाचा असेल आणि त्यावर पाच सेकंद विचार केला, तर पाव गुण वाचवण्याच्या नादात एक अख्खा डाव गेला. नेहमीच्या खेळाच्या लांबलचक यादीतून ठळक तेवढे ठेवावे: तयार हात मोडू नये, रॉयलची चार पाने असतील तर मात्र खुशाल मोडावा, मोठी (गुलाम किंवा त्याहून वरची) जोडी धरावी, फ्लशची चार पाने लहान जोडीपेक्षा वरचढ मानावीत, लहान जोडी सुट्या मोठ्या पानांपेक्षा बरी, आणि काहीच नसेल तर पाचही पाने बदलावीत. बारकावे ओळखत बसण्यापेक्षा बोट चालू ठेवणे फायद्याचे. जिंकलेले गुण एकेक करून वर चढत असताना कित्येक यंत्रांत पुन्हा बटण दाबले की मोजणी आटोपते. ती सवय आधीच हाताला लावून घ्यावी. घड्याळ संपताना पाने वाटलेली आहेत पण बदललेली नाहीत, अशा अर्धवट डावाचे काय होते हे सुरुवातीलाच आयोजकांना विचारून ठेवावे.

डावांच्या स्पर्धेत हा सगळा सल्ला गुंडाळून ठेवायचा. तिथे घाईला काहीच मोल नाही. वेळ पुरेसा असेल तर प्रत्येक हात दोनदा पाहावा आणि तक्त्याप्रमाणे अचूक खेळावे.

समोर किती जण आहेत

किती गुणांवर स्पर्धा जिंकता येईल हे मुख्यतः खेळाडूंच्या संख्येवर ठरते. याचा हिशोब फार थोडे जण आधी मांडतात, याचे मला नेहमी नवल वाटते, कारण तो अवघड मुळीच नाही. समजा, २०० जण आहेत आणि प्रत्येकाला ३०० डाव आहेत. रॉयल न लागणाऱ्याचे सरासरी १,४६० च्या आसपास गुण होतात. एकूण डाव होतात ६०,०००. रॉयल फ्लश साधारण ४०,४०० डावांत एकदा लागतो, म्हणजे या गर्दीत कोणाला तरी तो लागण्याची शक्यता चारात तीन एवढी आहे. ४,००० गुणांचा तो हात लागलेला माणूस इतरांच्या हाती लागत नाही. रॉयल कोणालाच आला नाही, तरी २०० जणांत एखाद्याला चार सारखी पाने चार वेळा लागण्याची शक्यता चांगलीच आहे आणि पहिला क्रमांक साधारण १,९०० ते २,००० गुणांवर जाईल. १,६०० गुणांवर समाधानी होणाऱ्याला इथे स्थान नाही.

खेळाडू २० च असतील तर चित्र पालटते. ६,००० डावांत रॉयल निघण्याची शक्यता सातात एक. दोन-तीन वेळा चार सारखी पाने लागली की पहिला नंबर आवाक्यात येतो. अशा छोट्या स्पर्धेत नेहमीचा सरळ खेळच उत्तम, जादा धोका पत्करायचे कारण नाही.

मोठ्या गर्दीत मात्र रॉयलकडे जाणाऱ्या वाटा जरा अधिक वेळा धराव्यात, विशेषतः जिथे त्याची किंमत थोडी आहे तिथे. इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, सोबत बदामचा राजा आणि चौकटची सत्ती असा हात घेऊ. राजांची जोडी ठेवली तर नाण्यामागे सरासरी १.५४ मिळतात, इस्पिकची तीन पाने ठेवली तर १.४९. रोजच्या खेळात जोडीच ठेवायची. पाच नाण्यांवर हा फरक पाव गुणाचा आहे, आणि तेवढ्या मोलात रॉयलची १,०८१ मध्ये एक संधी मिळते. पहिल्या क्रमांकालाच मोठे बक्षीस असेल तर हा सौदा स्वस्त आहे. बक्षिसे वीस-तीस जणांत सारखी वाटली जाणार असतील तर तोच सौदा महाग पडतो.

शेवटचा डाव

खरे कौशल्य दिसते ते शेवटच्या डावांत, प्रतिस्पर्ध्याचे गुण ठाऊक असतील तर. फेऱ्या एकामागून एक होत असतील तर नंतरच्या फेरीत खेळणाऱ्याला हा मोठा फायदा असतो: गाठायचा आकडा फळ्यावर लिहिलेलाच असतो. तिथून पुढे सरासरीचा विचार सोडून द्यायचा. एकच प्रश्न उरतो: हवे तेवढे गुण कोणती पाने ठेवल्याने मिळण्याची शक्यता जास्त?

तोच हात पुन्हा घेऊ आणि हा शेवटचा डाव आहे असे धरू. पुढे जायला १५ गुण पुरत असतील तर राजांची जोडी ठेवावी. तीन सारखी किंवा त्याहून वरचे काही लागण्याची शक्यता १२.७ टक्के आहे, इस्पिकची तीन पाने ठेवल्यास ती ७.६ टक्केच राहते. २० गुण हवे असतील तर उत्तर उलटते. जोडीतून फुल हाउस किंवा चार राजेच कामाचे, त्यांची शक्यता १,०८१ मध्ये १४. इस्पिकच्या तीन पानांतून स्ट्रेट, फ्लश आणि त्यावरचे सगळे हात कामाचे, त्यांची शक्यता १,०८१ मध्ये ७५. ३० गुणांपर्यंत इस्पिकच वरचढ राहते, ४५ विरुद्ध १४. आता ३५ गुण हवेत असे धरा. फ्लश पुरत नाही, आणि पारडे पुन्हा जोडीकडे झुकते: १४ विरुद्ध २. शंभर गुण हवे असतील तर चार राजांची शक्यता ३, आणि स्ट्रेट फ्लश व रॉयल मिळून २, म्हणजे अजूनही जोडीच. १२५ च्या वर एक गुण जरी जास्त लागणार असेल तरी जोडीला काहीच अर्थ उरत नाही, कारण तिच्यातून स्ट्रेट फ्लश निघतच नाही.

एकाच हाताचे उत्तर असे तीन वेळा फिरते. रोजच्या खेळाची यादी पाठ असलेला माणूस नेमका इथे अडकतो. त्याहून अवघड जाते ते तयार फुल हाउस मोडणे. हातात तीन नव्व्या आणि दोन पंज्या आहेत, हमखास ४५ गुण समोर आहेत, पण पुढे जायला ६० हवेत. अशा वेळी पंज्या टाकून चौथ्या नव्वीची वाट पाहणे हेच योग्य. ती मिळण्याची शक्यता ४.२६ टक्के आहे, आणि हात तसाच ठेवला तर शून्य. हात मोडल्यावर नव्वी आली नाही की बघणारे हळहळतात. निर्णय तरीही बरोबरच होता.

आघाडीवर असलेल्याने उलट वागावे. वेळेच्या स्पर्धेत तोही खेळत राहतोच, पण डावांच्या स्पर्धेत पुरेशी आघाडी असताना लहान पण खात्रीचे बक्षीस घ्यावे, हात मोडू नये. लावलेली नाणी गुणांतून वजा होत असतील आणि कमी लावायची मुभा असेल, तर शेवटी एकेकच नाणे लावून आघाडी सांभाळता येते. मागे असलेल्याने मात्र पाचच्या पाच नाणी लावावीत. चारपर्यंत नाणी लावल्यास रॉयलचे नाण्यामागे २५० मिळतात, पाचव्या नाण्यावर ८००.

प्रवेश फी आणि कायदा

कोणत्या स्पर्धेत उतरायचे हाही डावपेचाचाच भाग आहे. जमलेली फी पूर्णपणे बक्षिसांत वाटली जाते का, की आयोजक त्यातून काही कापून घेतात, हे आधी पाहावे. काही स्पर्धा कॅसिनो आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी विनाशुल्क ठेवतात. गणिती दृष्टीने त्याच सर्वांत चांगल्या, मात्र तिथे पोचण्यासाठी आधी इतर यंत्रांवर किती पैसे घालवले हे हिशोबात धरलेच पाहिजे.

भारतात या खेळाला जागा फार थोडी आहे. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या जुगाराला परवानगी मिळाली; पुढच्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरचे खेळही आले. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर बंदी आणली आहे. पैसे न लावता सराव करून देणारी संगणकीय साधने मात्र मिळतात. शेवटच्या डावाची वर दिलेली आकडेमोड कागद-पेन्सिल घेऊनही करता येते: पाच पाने हातात आल्यावर जोडात ४७ उरतात, आणि त्यांतून दोन पाने निवडण्याचे १,०८१ मार्ग आहेत.