सात की नऊ? दिरहम वाचताना

मध्ययुगीन इस्लामी चांदीच्या बहुतेक नाण्यांवर, म्हणजे दिरहमांवर, चित्र नसते. राजाचा चेहरा नाही, प्राणी नाही, देवता नाही. दोन्ही बाजूंना नुसती अक्षरे. नवख्या संग्राहकाला ही नाणी सारखीच दिसतात आणि तो पुढे सरकतो. मला मात्र जगातल्या सगळ्या जुन्या नाण्यांत हीच सर्वांत जास्त बोलकी वाटतात, कारण ती कुठे आणि कोणत्या साली पाडली हे त्यांच्यावरच लिहिलेले असते. त्या काळी युरोपातल्या नाण्यांवर साल सहसा नसायचेच.

अरबांनी सातव्या शतकात इराण जिंकले, तेव्हा आधी तिथल्या सासानी राजघराण्याचेच नाणे चालू ठेवले. खुस्रो राजाचा मुकुटधारी चेहरा, मागे अग्निवेदी आणि कडेला कुफी या जुन्या, कोनदार अरबी लिपीत फक्त ‘बिस्मिल्ला’ची भर. उमय्यद घराण्याचा खलिफा अब्द अल-मलिक याने हे बदलले. हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इ.स. ६९६-९७ मध्ये, त्याने निव्वळ अक्षरांचा सोन्याचा दिनार काढला आणि पाठोपाठ चांदीचा दिरहम. दहा दिरहमांचे वजन सात मिस्कालांइतके (मिस्काल हे तेव्हाचे वजनाचे माप), असे प्रमाण ठरले. त्या हिशेबाने एक दिरहम सुमारे २.९७ ग्रॅमचा. प्रत्यक्षात हाती येणारी नाणी किंचित हलकी भरतात.

इराकमधल्या वासित शहराचा एखादा दिरहम भिंगाखाली धरा. मधोमध तीन ओळींत ‘अल्लाहखेरीज देव नाही, तो एकमेव, त्याला भागीदार नाही’ आणि भोवती गोलाकार मजकूर: ‘अल्लाहच्या नावाने, हा दिरहम वासितमध्ये पाडला, साल...’ साल अंकांत नसते, शब्दांत असते. गंमत म्हणजे अरबीतही आपल्यासारखेच एकक आधी, दशक नंतर. खरी परीक्षा पुढे आहे. या लिपीत अक्षरांवर नुक्ते, म्हणजे अक्षरे वेगळी ओळखू येण्यासाठीची टिंबे, जवळजवळ नसतातच. नुक्ते काढले की अरबी ‘सात’ आणि ‘नऊ’ दोन्ही चार दातांचे (दात म्हणजे अक्षराची छोटी उभी रेघ) आणि शेवटी एका गाठीचे दिसतात. ‘सत्तर’ आणि ‘नव्वद’ यांचेही तसेच. काही कारागीर ‘नऊ’मध्ये पहिला आणि ‘सात’मध्ये चौथा दात थोडा उंच कोरत. तो दात झिजला असेल, तर डोळ्यांनी निकाल लागत नाही.

तिथे इतिहास मदतीला येतो. वासित हे शहर इराकचा सुभेदार अल-हज्जाज याने हिजरी ८३ च्या सुमारास वसवले. म्हणजे तिथल्या नाण्यावर सत्तरच्या दशकातले साल असूच शकत नाही. दशक नव्वदचेच वाचायचे. अशी उकल झाली की होणारा आनंद कोणत्याही दुर्मीळ नाण्याच्या किमतीपेक्षा मला मोठा वाटतो. इ.स. ७५० मध्ये उमय्यदांच्या जागी अब्बासी घराणे सत्तेवर आले, तेव्हा मागच्या बाजूचा मधला मजकूर बदलून तिथे ‘मुहम्मद अल्लाहचे प्रेषित’ आले. त्यामुळे मधला भाग शाबूत असलेला तुकडासुद्धा कोणत्या घराण्याचा ते सांगतो.

आणि तुकडे भरपूर मिळतात. १९९९ साली स्वीडनच्या गोटलंड बेटावर स्पिलिंग्ज इथल्या शेतात सुमारे ६७ किलो चांदी सापडली. तीत १४ हजारांहून अधिक नाणी, बहुतेक इस्लामी. त्यांतले सर्वांत अलीकडचे नाणे इ.स. ८७०-७१ चे. पुढे दहाव्या शतकात समरकंद आणि अल-शाश, म्हणजे आजचे ताश्कंद, इथल्या सामानी घराण्याच्या दिरहमांचा लोंढा व्होल्गामार्गे उत्तरेला गेला. बदल्यात दक्षिणेला आले फर, आणि माणसेही, गुलाम म्हणून. उत्तरेत चांदी तोलून घेत, म्हणून नाणी सर्रास कापली जात. बाजारात अशा तुकड्यांना भाव कमी; मी तर म्हणेन, सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

चांदी कुठल्या खाणीतली, हा प्रश्न आता प्रयोगशाळेत विचारला जातो. शिशाच्या धातुकातून चांदी काढताना शिसे जाळून वेगळे करतात, तरी सोने आणि बिस्मथ यांचे सूक्ष्म अंश मागे राहतात. त्यांच्या प्रमाणावरून आणि शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, मूळ खाणीचा माग काढता येतो. क्ष-किरणांची साधी चाचणी मात्र फक्त पृष्ठभाग पाहते. मातीत शतके पडलेल्या नाण्याच्या वरच्या थरातले तांबे निघून जाते, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा शुद्ध वाटते.

बनावट नाणी पुष्कळ आहेत. अस्सल दिरहम ठशांमध्ये ठेवून हातोड्याने पाडलेला असतो; अक्षरांच्या कडा नेटक्या आणि काठाकडे धातू पसरल्याच्या बारीक रेषा दिसतात. ओतीव नकलेत अक्षरे गुळगुळीत, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि कधी काठावर सांधा. वजनही पाहा. आणि नाणे घासू नका, ही हात जोडून विनंती. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांनी नेमका तो उंच दात निघून जातो.

कायदाही माहीत हवा. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. जमिनीत ठेवा सापडला, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सापडलेली नाणी वेगवेगळी विकली गेली, की कोणते नाणे कोणत्या नाण्याशेजारी होते हे पुन्हा कधीच कळत नाही. शिकायचेच असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. तिथपासून सुरुवात करा.