गाडी ‘टक-टक’ करते तेव्हा

जानेवारीतली पहाट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत धुकं इतकं दाट होतं की समोरच्या ओट्यावरचं तुळशीवृंदावनही दिसेना. शेजारच्या काकूंना स्टेशनवर पोचायचं होतं आणि काकांची दहा दिवस उभी असलेली गाडी सेल्फ मारला की नुसती टक-टक-टक करत होती. मी खाली उतरलो तेव्हा काका हैराण होऊन म्हणाले, “अरे, हॉर्न वाजतोय, दिवे लागतायत, मग बॅटरी गेली कशी?”

प्रश्न अगदी नेमका होता. बॅटरी उतरली म्हणजे तिच्यातली वीज संपली, असं आपण धरून चालतो. हिशेब मात्र वेगळंच सांगतो. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी 12 व्होल्ट, 35 अँपिअर-तासांची असते. म्हणजे पूर्ण भरलेली असताना तिच्यात साधारण 15 लाख ज्यूल ऊर्जा असते. सेल्फची मोटर इंजिन फिरवताना 150 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते आणि त्या वेळी बॅटरीचा दाब 10 व्होल्टवर आलेला असतो. म्हणजे सेकंदाला 1500 ज्यूल. दोन सेकंदांत इंजिन लागलं तर खर्च 3000 ज्यूल, भरलेल्या बॅटरीचा पाचशेवा हिस्सा! पाऊण रिकाम्या बॅटरीतसुद्धा शंभर वेळा गाडी चालू करण्याइतकी ऊर्जा शिल्लक असते.

अडतं ते वेगावर. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला दीडशे लागतात आणि तेही एकदम. प्रत्येक बॅटरीच्या पोटात स्वतःचा थोडा रोध, म्हणजे प्रवाहाला अडथळा, असतो. नव्या बॅटरीत तो ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका किरकोळ. बॅटरी जुनी, उतरलेली आणि गारठलेली असली की तो 0.04 ओहमपर्यंतही चढू शकतो. 150 ला 0.04 ने गुणा: 6 व्होल्ट पोटातच अडकले. सेल्फपर्यंत पोचायला उरले जेमतेम सहा. ‘टक’ हा आवाज सेल्फवरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरला प्रवाह जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकी खटक्याचा. तो ओढला जातो, मोटर प्रवाह मागते, दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो. भार गेला की दाब परत वर येतो आणि तो पुन्हा ओढला जातो.

ग्वाल्हेरच्या हवेचाही यात वाटा आहे. मे-जूनमध्ये इथे पारा 45 च्या वर जातो आणि जानेवारीत पहाटे 3-4 अंशांवर उतरतो. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उडतं, पट्ट्या गंजतात. बॅटरी खरी झिजते ती तेव्हाच, पण ते कळत नाही. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लावावा लागतो आणि उन्हाळ्यातलं दुखणं डिसेंबर-जानेवारीत बाहेर येतं.

त्या पहाटे पहिला उपाय काकांच्या मुलाने करून पाहिला होता. जिन्याखालच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीसारखीच 12 व्होल्टची, शिसं आणि आम्लाची. कल्पना उत्तम होती. घरात पडलेली वायरिंगची वायर, 2.5 चौरस मिलीमीटरची, त्याने जोडली आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. गाडी लागली नाही. मी वायरला हात लावला तर ती चांगलीच तापलेली, वरचं प्लॅस्टिक मऊ पडून बोटाचा ठसा उमटला. जाता-येता मिळून सहा मीटर तांब्याची ही वायर, तिचा रोध 0.04 ओहम. म्हणजे बॅटरीच्या पोटात जे दुखणं होतं तेच बाहेर आणखी एकदा जोडलं गेलं. पूर्ण 150 अँपिअर तिच्यातून वाहिले असते तर ती 900 वॅटच्या हीटरसारखी पेटली असती. जंपर केबल बोटाएवढ्या जाड दिसतात ते उगाच नाही. 16 चौरस मिलीमीटरच्या तांब्यात हाच तोटा एका व्होल्टपर्यंत खाली येतो.

पण त्याच बारीक वायरीचा दुसरा उपयोग आहे आणि मला तो फार आवडतो. सेल्फ मारायचा नाही, नुसतं थांबायचं. इन्व्हर्टर बंद करून त्याची बॅटरी वीस मिनिटं गाडीच्या बॅटरीला जोडून ठेवायची. सहा अँपिअर जरी गेले तरी वीस मिनिटांत 80 हजार ज्यूलहून जास्त भर पडते, त्यातले काही वाया गेले तरी चालतं. मग वायर काढायची, आणि तेव्हाच किल्ली फिरवायची. मोटारसायकलच्या लहानशा बॅटरीनेही हे जमतं, थोडा जास्त वेळ द्यावा लागतो इतकंच. मात्र मोठ्या ट्रकची बॅटरी जोडू नका. तिथे बहुधा 24 व्होल्ट असतात.

जोडताना क्रम पाळायचा: आधी दोन्हीकडचे धन टोक, मग चांगल्या बॅटरीचं ऋण, आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात तर विशेष जपायचं.

आम्ही हाच उपाय केला, पण वायर जोडण्याआधी आणखी एक काम उरकलं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसावी तसा थर चढला होता. काकूंनी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून दिला. टर्मिनल सोडवून ते पाणी जपून ओतलं तसं फसफसून सगळं निघालं. सोडा बॅटरीच्या आत जाऊ द्यायचा नाही, एवढं बघायचं. तो थरही रोधच असतो. कित्येकदा गाडी एवढ्यानेच लागते.

“धक्का मारू या का?” असं गल्लीतल्या दोघा-तिघांनी विचारलंच. धक्क्याचं गणितही सुंदर आहे. 850 किलोची गाडी ताशी 6 किलोमीटरने पळवली की तिच्यात सुमारे 1200 ज्यूल साठतात, म्हणजे सेल्फच्या जवळजवळ एका सेकंदाचं काम. दुसऱ्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साधारण आठ फेरे होतात, म्हणून क्लच सोडला की इंजिन मिनिटाला साडेचारशे फेऱ्यांच्या आसपास फिरतं. सेल्फ त्याला दोनशेच्या आसपासच फिरवतो. पहिल्या गिअरमध्ये हिसका इतका बसतो की गाडी जागीच अडते, म्हणून दुसरा. किल्ली चालू हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना ब्रेकही जड लागतो, म्हणून किल्ल्याच्या उतारासारख्या जागी हा प्रयोग नको.

आणि बॅटरी अगदीच रिकामी असेल तर आजच्या गाडीत धक्क्याचा उपयोग नाही. इंधनाचा पंप, इंजेक्टर, सगळं चालवणारा संगणक यांना वीज लागते. चालू इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरलासुद्धा स्वतःचं चुंबकत्व उभं करायला आधी थोडा प्रवाह द्यावा लागतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि चाकं यांचा सांधा तेलाच्या दाबावर जुळतो आणि तो दाब इंजिन फिरल्याशिवाय तयार होत नाही. जुन्या किकच्या स्कूटरमध्ये मॅग्नेटो स्वतःच ठिणगी देत असे, तिला बॅटरीची गरजच नव्हती.

शेतावरच्या डिझेल पंपाला हँडल मारताना पाहिलं असेल तर यामागची जुनी युक्ती ओळखीची वाटेल. आधी एक खटका वर करून सिलिंडरमधली हवा मोकळी सोडतात, जड चाकाला हाताने वेग देतात आणि मग खटका पाडतात. दाबाचं काम चाकात साठलेला वेग करतो. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं. अशाच अपघातांमुळे मोटारींना विजेचा सेल्फ आला. चार्ल्स केटरिंग यांनी तो 1911 मध्ये तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये बसवला गेला. त्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडली होती. काही क्षणच चालायची असेल तर लहान मोटरकडून तिच्या कुवतीच्या कितीतरी पट काम काढता येतं, हे सूत्र दोन्हीकडे एकच. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सलग मारू नये, याचं कारणही तेच.

आमची गाडी वीस मिनिटांनी दुसऱ्या झटक्यात लागली. चालू इंजिनावर टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी पद्धत आहे, ती करायला मी काकांना मना केलं. दाब एकदम उसळून आतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात. काकूंना गाडी मिळाली.

दुपारी बॅटरीवाल्याकडे गेलो. मीटरने 12.4 व्होल्ट दाखवले, काकांचा चेहरा खुलला. मग त्याने लोड टेस्टरचे, म्हणजे सेल्फसारखा मोठा भार टाकून दाब मोजणाऱ्या यंत्राचे, दोन्ही चिमटे लावून बटण दाबलं. आतली तार लालबुंद झाली आणि काटा सरसर घसरत आठाच्याही खाली गेला.