खुळखुळ्याच्या बीला घाई नाही

जून उजाडला की मोबाइलवर सीड बॉलचे फोटो सुरू होतात. आत बिया घातलेले मातीचे गोळे, रांगेत उभी मुलं, मागे डोंगरउतार. पुढच्या जूनला त्या उतारावर काय उगवलं, याचा फोटो मात्र मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी मीही त्यातलाच. पडीक जागेतून खुळखुळ्याच्या शेंगा आणल्या आणि २० बिया कुंडीत टाकल्या. उगवल्या चार. महिन्याभराने माती उकरली तर बाकीच्या तशाच, चकचकीत. "पोचट निघाल्या," शेजारच्या काकू म्हणाल्या, "अमावस्येला पेरल्यास ना!" बिया पोचट नव्हत्या आणि चंद्राचाही यात काही हात नव्हता. त्यांच्या आत पाणीच गेलं नव्हतं.

हा खुळखुळा म्हणजे क्रोटलारिया रेटुसा, हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या तागाचा भाऊबंद. इथलाच, दोन-तीन वर्षं टिकणारा. फुलं पिवळी, पाठीमागे तांबड्या रेषा. शेंग वाळली की आत बिया वाजतात.

आता बीची गोष्ट. कवचाच्या बाहेरच्या थरात लांबट पेशी पुड्यातल्या उदबत्त्यांसारख्या उभ्या, एकमेकींना घट्ट चिकटून असतात. बी पिकून वाळली की हा थर पाणी आत येऊ देत नाही. मग आतली उरलेली ओल बाहेर कशी जाते? बी शेंगेला जिथे चिकटलेली असते, तिथे तिच्यावर एक व्रण राहतो. ही तिची नाभी. या नाभीत एक बारीक भेग असते. १९५४ साली हाइड या संशोधकाने खुळखुळ्याच्याच शिंबी, म्हणजे शेंगांच्या, कुळातल्या क्लोव्हर आणि लुपिनच्या बिया तपासून दाखवलं, की ही भेग म्हणजे एकतर्फी झडप आहे. भेगेच्या काठाशी पेशींचे दोन थर असतात. हवा कोरडी झाली की बाहेरचा थर आकसतो, भेग उघडते आणि आतली वाफ निघून जाते. हवा दमट झाली की तोच थर आधी फुगतो आणि भेग मिटते. म्हणजे ओल जाऊ शकते, येऊ शकत नाही. परिणाम असा, की बी तिला आजवर भेटलेल्या सर्वांत कोरड्या हवेइतकी कोरडी होऊन बसते. मग बाहेर कितीही पाऊस पडो! ना मोटर, ना मेंदू. दोन थर कमी-जास्त फुगतात, एवढंच. मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

फायदा उघड आहे. वळवाच्या एका सरीला सगळ्या बिया फसल्या आणि पुढे पाऊस लांबला, तर त्या झाडाचा वंशच बुडाला. म्हणून थोड्या यंदा, थोड्या पुढे. उघड्या जमिनीवरचं दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांच्या ताणाने कवच हळूहळू कुठेतरी तडकतं.

आपल्याला एवढा धीर नसतो. बी पॉलिश पेपरवर, नाभीची बाजू सोडून, आतला फिका रंग दिसेपर्यंत घासायची आणि रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी फुगून दुप्पट झालेल्या पेरायच्या. न फुगलेल्या पुन्हा घासायच्या. सोटमूळ खोल जातं, म्हणून शक्यतो जागेवरच पेरा.

फुलांवर ब्ल्यू टायगर, स्ट्राइप्ड टायगर ही फुलपाखरं येतील आणि लोक त्यांचे फोटो काढतील. पण त्यांतले नर बहुधा मधासाठी आलेले नसतात. सुकल्या पानांशेंगांतली अल्कलॉइडं, म्हणजे झाडाने बनवलेली विषारी रसायनं, चोखून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात. परागीभवनाचं खरं काम काळ्या भुंग्याचं. तो जड अंगाने पाकळ्यांवर बसला की खालची नावेसारखी पाकळी दबते आणि तिच्या टोकातून टूथपेस्टसारखे पराग त्याच्या पोटाला लागतात.

तीच अल्कलॉइडं आपल्या यकृताला घातक. १९७०च्या दशकात आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा भागात गोंदली या भरड धान्यात खुळखुळ्याच्या एका भाऊबंदाच्या बिया मिसळल्या गेल्या आणि माणसं दगावली. तेव्हा "नैसर्गिक आहे" म्हणून कुणी काढा सुचवला तर ऐकू नका, आणि जिथे गुरं चरतात तिथे हे झाड लावू नका.

यंदा घासून पेरलेल्या १२ पैकी १० उगवल्या. गेल्या वर्षीची ती कुंडी मी तशीच गच्चीवर उन्हात ठेवली होती. दुसऱ्या पावसानंतर तिच्यातही दोन कोंब आले.